तुम्ही विचारलेत म्हणून: चौघांना चीन परवडला कसा?

चीनला जाऊन आल्यापासून लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत आणि मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी मला एकच प्रश्न विचारला जातो: खर्च किती आला, आणि तेवढ्यात भागले कसे? उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचेच समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी आकडा. २०२४ ची भाऊबीज आटोपून आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी, सोलापूरहून निघालो आणि दहा रात्रींनी परतलो. मुलीची शाळा चार दिवस बुडाली. एकूण खर्च तीन लाख चौतीस हजार रुपये झाला. त्यातील एक लाख साठ हजार विमानाच्या तिकिटांचे, मुंबई ते क्वालालंपूर आणि तिथून बीजिंग असे वळसा घालून जाणारे. व्हिसा आणि त्याची किरकोळ कागदपत्रे यांत पंचवीस हजार गेले. म्हणजे चीनमध्ये पाऊल ठेवण्याआधीच निम्म्याहून अधिक पैसे संपले होते, आणि उरलेल्या दीड लाखात राहणे, खाणे, रेल्वे आणि प्रवेशशुल्क हे सगळे बसले. एका प्रवासी कंपनीने याच तीन शहरांसाठी सांगितलेला आकडा दीडपटीहून अधिक होता. तेव्हा युआनचा भाव बारा रुपयांच्या आसपास होता, हे पुढचे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

हे जमले ते मुख्यत्वे रेल्वेमुळे. बीजिंग, शीआन आणि शांघाय ही शहरे एकमेकांपासून हजार-बाराशे किलोमीटर दूर आहेत, पण ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीचे द्वितीय श्रेणीचे तिकीट विमानाच्या मानाने माफक असते, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पडते. शीआन ते शांघाय हा प्रवास साडेसहा तासांत झाला आणि मोठ्यांच्या तिकिटाला सुमारे ६७० युआन लागले. आमची सर्वांत आवडती गाडी मात्र ही नव्हती. शीआनला आम्ही जुन्या पद्धतीच्या रात्रीच्या गाडीने गेलो, ज्यात एका खणात तीन-तीन अशा सहा बर्थ असतात, खणाला दार नसते आणि रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवले जातात. भाडे अतिवेगवान गाडीच्या मानाने बरेच कमी, आणि एका रात्रीचे हॉटेल वाचते ते वेगळेच. त्यांची मधली बर्थ आपल्यासारखी दुमडत नाही, त्यामुळे खालच्या बर्थवर झोप येईपर्यंत सगळा खण बसलेला असतो. खालची बर्थ सासूबाईंची होती. ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखेच की सगळे,’ असे म्हणून त्यांनी सरकून जागा करून दिली.

ही गाडी आम्ही बीजिंगहून न पकडता शिजियाझुआंगहून पकडली, आणि याचे कारण सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. हे शहर बीजिंग-शीआन लोहमार्गावरच, बीजिंगपासून सव्वा तासाच्या अंतरावर असल्याने उतरण्यासाठी वेगळा खर्च जवळजवळ आलाच नाही, आणि स्मारकाला शुल्क नाही. चिनी लोक त्यांना ‘खं दीहुआ’ या नावाने ओळखतात. तेथील एका वृद्ध रखवालदाराला यजमानांनी मोबाईलवर भाषांतर करून दाखवले की आम्ही डॉक्टरांच्याच गावचे आहोत. त्या रखवालदारांनी आमचा पुतळ्यासमोर फोटो काढला, तो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला, आणि मग काहीही न बोलता सासूबाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवून दिल्या. सोलापुरातल्या डॉक्टरांच्या जुन्या घराचे स्मारक झाले आहे. तिथे आम्ही शाळेच्या सहलीखेरीज कधी गेलो नव्हतो, हे मला त्या पायऱ्यांवर आठवले.

आता पैसे देण्याविषयी. चीनमध्ये भाजीवालासुद्धा मोबाईलवरचा चौकोनी कोड पुढे करतो, त्यामुळे निघण्यापूर्वी अलीपे आणि वीचॅट या दोन्ही ॲपना आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्यावे. २०० युआनपेक्षा मोठ्या रकमेवर परदेशी कार्डाला तीन टक्के आकार लागतो, म्हणून शक्य तिथे बिल दोन भागांत द्यावे. गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाही, पण आपल्या सिमकार्डाच्या रोमिंगवर चालते. आम्ही एकाच मोबाईलला रोमिंग घेतले, आणि त्याची बॅटरी उतरू लागली की चौघांचेही चेहरे उतरत. हॉटेल निवडताना मेट्रो स्थानकापासून चालत किती मिनिटे, एवढाच निकष ठेवला. एका लहान हॉटेलाने रात्री नऊ वाजता, परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडची नोंदणी आम्हाला करता येत नाही, असे सांगून परत पाठवले, आणि सामान ओढत दुसरे शोधावे लागले. नोंदणीबद्दल आधीच विचारून घ्यावे. मेट्रोचे भाडे बीजिंगमध्ये तीन युआनपासून सुरू होते आणि १.३ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नसते. आमची मुलगी १२८ सेंटिमीटरची असल्यामुळे ती प्रत्येक फाटकापाशी मुद्दाम ताठ उभी राहत असे, आणि मी तिला दटावत असे.

‘पण खाल्लेत काय?’ हा पोटप्रश्न अर्थातच येतो, कारण आम्ही तिघे शाकाहारी आहोत. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण रस्सा हाडांचा असू शकतो आणि भाजीवर खिमा पेरलेला असू शकतो. ‘वो छी सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करावे आणि चिनी लिपीत लिहूनही जवळ ठेवावे. अंडे चालत असेल तर टोमॅटो-अंडे, बटाटा-वांगी-मिरचीची परतलेली भाजी आणि कोबी कुठल्याही साध्या खानावळीत मिळतात, आणि शीआनच्या रुंद पट्ट्यांसारख्या नूडल्सवर तिखट घालून वरून कडकडीत तेल ओततात, तेव्हा येणारा चर्रर्र आवाज फोडणीचाच असतो. शांघायमध्ये मशरूम आणि पालेभाजी भरलेले वाफवलेले बाव न्याहारीला पुरले. स्थानकावर, रेल्वेत आणि हॉटेलात उकळते पाणी फुकट मिळते, म्हणून घरून नेलेल्या तयार पोह्यांच्या पाकिटांनी पाच न्याहाऱ्या निभावल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठव्या दिवसापर्यंत पुरली, हे सांगताना सासूबाईंचा आवाज अजूनही चढतो, कारण एवढे ओझे कशाला, असे मी निघताना म्हटले होते.

एक मोठी चूक झाली आणि ती सर्वस्वी आमची होती. बीजिंगच्या निषिद्ध नगरीची, म्हणजे सम्राटांच्या जुन्या राजवाड्याची, तिकिटे सात दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्ट क्रमांक देऊन ऑनलाइनच घ्यावी लागतात, आणि सोमवारी नगरी बंद असते. नोव्हेंबर ते मार्च हे शुल्क फक्त ४० युआन असल्याचे पाहून, तिथे जाऊन बघू, असे मी म्हणाले. तिथे गेल्यावर आमच्या चारही दिवसांची तिकिटे संपलेली होती. मग उत्तरेच्या जिंगशान बागेत गेलो. खंदकाची माती टाकून केलेली ती टेकडी चढायला दोन युआन लागतात, आणि माथ्यावरून अख्खी नगरी, पिवळ्या कौलांच्या छपरामागून छप्पर अशी, दक्षिणेपर्यंत पसरलेली दिसते. स्वस्तात सुंदर दृश्य मिळाले, असे आम्ही एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितले, पण यजमानांनी अजून मला माफ केलेले नाही.

चीनच्या भिंतीला आम्ही बीजिंगमधल्या देशंगमेनहून सुटणाऱ्या ८७७ क्रमांकाच्या साध्या बसने, १२ युआनमध्ये, बादालिंगला गेलो. बस आज बंद आहे, असे सांगून आपल्या गाडीत बसवणारे लोक तिथे भेटतात. त्यांना ओलांडून रांगेत उभे राहावे. शीआनच्या मृण्मय सैन्याला, म्हणजे मातीच्या सैनिकांच्या प्राचीन पुतळ्यांना, माणशी १२० युआन लागतात, आणि ही एकच गोष्ट अशी होती की तिथे कुणी हिशेब काढला नाही. तिथल्याच महाहंस पॅगोड्याच्या आत मात्र आम्ही गेलो नाही. ह्युएन त्सांगाने भारतातून नेलेले ग्रंथ जपण्यासाठी तो ६५२ मध्ये बांधला गेला. पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्रातील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून ठेवणारा प्रवासी तो हाच. संध्याकाळी बाहेरच्या चौकात बसून हे मुलीला सांगितले, त्याला काही पैसे पडले नाहीत.

शांघायच्या उंच मनोऱ्यांवर चढण्याचे तिकीट चौघांना झेपणारे नव्हते. त्याऐवजी हुआंगपू नदी ओलांडणाऱ्या, नोकरदारांच्या आणि स्कूटरवाल्यांच्या साध्या फेरीबोटीत बसलो. भाडे दोन युआन. दोन्ही काठांचे दिवे पाण्यात उतरले होते. पलीकडे पोहोचल्यावर मुलगी उतरायला तयार होईना, म्हणून पुन्हा तिकीट काढून परत आलो, आणि मग सासूबाई म्हणाल्या, आणखी एकदा.