हातोडी घेऊन पाण्यात कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन समुद्राच्या तळाशी जाते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "जिवंत प्राणी ठेचून निसर्ग कसा वाचतो?" आजवर मी दोन वाक्यांत सांगून सुटत आले. आज नीट सांगते.

मी ठेचते ते जांभळे अर्चिन, म्हणजे समुद्रतळावरचे काटेरी, गोल प्राणी. त्यांच्यावर माझा राग नाही. 2013 पासून एका रोगाने तारामासे विरघळू लागले. त्यात सूर्यफूल तारामासाही गेला. वीसेक हातांचा, जवळजवळ मीटरभर पसरणारा हा प्राणी अर्चिन खायचा. अर्चिन खाणारी पाणमांजरं तर उत्तर कॅलिफोर्नियातून फरच्या व्यापारात केव्हाच संपली होती. त्यात 2014 ते 2016 या काळात पाणी तापलं आणि केल्प, म्हणजे समुद्रात झाडांसारखं उंच वाढणारं शेवाळ, वाढेना. जो उरला तो अर्चिननी कुरतडला. तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त केल्पचं जंगल गेलं.

"थांबा, निसर्ग आपोआप सावरेल," असं म्हणणाऱ्यांवर मी चिडते. अजूनही. उपाशी अर्चिन लवकर मरत नाही. वर्षानुवर्षं तग धरतो आणि नवा कोंब दिसला की फस्त करतो. फोडून बघा, आत गाबोळीच्या जागी जवळजवळ काहीच नसतं. दक्षिणेकडे मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर उरलेल्या पाणमांजरांनीसुद्धा हे पोकळ अर्चिन टाळलेले आहेत. मग कुणी खायचे ते?

म्हणून उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॅस्पर कोव्ह या लहान खाडीत जांभळे अर्चिन जागेवरच फोडायची परवानगी मिळाली, तेव्हा मी उतरले. फक्त जांभळे. तांबड्या जातीच्या अर्चिनना हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ झाला होता.

आणि तरीही.

त्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि लाटेची ओढ मला पुढे-मागे हलवत होती. मी मोजत होते. डुबकीगणिक आकडा वाढवायचा नाद लागला होता मला. एकशे बारा, एकशे तेरा. खडकाच्या फटीत एक काळपट गोळा दिसला. काटे लांब होते. ते मला दिसले होते, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तांबडा अर्चिन कधीकधी इतका गडद असतो की जांभळाच वाटावा, पण काटे लांब असतात. डोळ्यांनी पाहिलं, हात थांबला नाही. एकशे चौदा.

कवच फुटून बाजूला झालं तेव्हा त्याखाली ॲबलोनीचं, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायीचं, नखाएवढं पिल्लू दिसलं. पिल्लं तांबड्याच्या काट्यांखाली आसरा घेतात. केल्प गेल्यावर मोठी ॲबलोनी उपासमारीने मेली आणि 2018 मध्ये त्यांची हौशी शिकारही बंद झाली. त्यांच्यासाठीच तर मी उतरत होते. पिल्लाच्या शिंपल्याला आडवी चीर गेली होती. त्याचा पाय खडकाला अजून घट्ट धरून होता. मी ते बोटाने फटीत आत सारायला गेले, तर हातमोज्याखाली शिंपला दुमडला. तेवढ्यात कुठूनसे छोटे मासे आले आणि फुटलेल्या अर्चिनवर तुटून पडले. मी वर आले, तेव्हा टाकीत अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती.

सोबतच्यांना मी "कान दुखतोय" म्हणून सांगितलं.

पहिल्या वर्षीची मी आज मला भेटली तर ठासून म्हणेल, "एका चुकीसाठी अख्खी खाडी सोडायची?" तिचं बरोबर आहे. फक्त ती "आपण जंगल परत आणतोय" असंही म्हणायची, आणि तिथे मी तिला अडवते. ही एक लहानशी खाडी आहे, उजाड किनारा शेकडो किलोमीटरचा. हात थांबले की अर्चिन बाजूच्या खोल पाण्यातून परत सरकतात. मग कशाला जातेस, असं ती विचारेल. साफ केलेल्या खडकावर वीतभर केल्प डोलताना पाहिलाय मी. ते उत्तर तिला पुरतं. मला काही दिवस पुरतं, काही दिवस नाही.

आकडा मोजणं सोडलंय. डुबकीनंतर कुणी विचारलं तर "बरेच" म्हणते.

त्या फटीच्या आसपास मात्र मी अजून हातोडी नेलेली नाही. तिथे जांभळे वाढतायत. दर वेळी दिसतात.