हँक मूडी, बाबा आणि लाल पेन

रविवारी पावसाने वेताळ टेकडीचा प्लॅन बोंबलला म्हणून कॅलिफोर्निकेशन परत लावलं. २००७ ची सिरीज, डेव्हिड डुकोव्हनी म्हणजे तो एक्स-फाइल्सवाला, इथे हँक मूडी नावाचा कादंबरीकार झालाय. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आलाय, त्याच्या काळ्याकुट्ट कादंबरीचा हॉलिवूडवाल्यांनी गोग्गोड लव्हस्टोरी सिनेमा करून टाकलाय आणि आता ह्याला एक ओळ सुचत नाहीये. बाकी दारू, बायका, भांडणं सगळं जोरात चालूए. (बाबा बाहेरच्या खोलीत, त्यामुळे हेडफोन मस्ट आणि स्क्रीन भिंतीकडे.)

तर पहिल्या सीझनचा पाचवा एपिसोड, नावच ‘एलओएल’. हँक रेडिओवर मुलाखत द्यायला जातो, समोर हेन्री रोलिन्स, हा खराखुरा पंक गायक. आणि हँक सुटतो. लोक दिवसेंदिवस बिनडोक होत चाललेत, कोणी लिहीत नाही नुसते ब्लॉग पाडतात, बोलायचं सोडून मेसेज टाकतात, ना व्याकरण ना विरामचिन्हं, गुहेतल्या माणसासारखी भाषा झालीये वगैरे वगैरे. अगदी आमचे बाबाच बोलतायत असं वाटलं मला! फरक एवढाच की बाबा स्वेटर घालून बोलतात.

पण मजा पुढे आहे. रोलिन्स शांतपणे म्हणतो की अरे तू पण ब्लॉगच लिहितोस की. आणि ते खरंच असतं, एका मासिकासाठी तो ब्लॉग लिहित असतो, आणि ते मासिक कोणाचं, तर त्याची जुनी प्रेयसी कॅरन ज्याच्याशी लग्न करणारे त्या बिलचं. हँक म्हणतो, म्हणूनच तर मला स्वतःची किळस येते. एवढंच. ना सारवासारव ना काही. दारू आणि बायका राहू दे बाजूला, हा माणूस मला आवडतो तो ह्या एका उत्तरासाठी.

मी पण तशीच ना. एमएला मराठी घेतलं, कादंबरीची पंचवीस पानं चार वर्षं पंचवीसच आहेत, आणि इथे ब्लॉगवर मात्र दर आठवड्याला हजेरी.

बाबा रिटायर्ड मराठीचे मास्तर. मोबाईलवर वाचत नाहीत, डोळे दुखतात म्हणे. म्हणून माझी प्रत्येक पोस्ट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणतात आणि टेबलावर ठेवतात, लाल पेनाने तपासून. ‘कि’ दिसला की गोल, समासात मोठ्ठं ‘की!’. मागे एकदा ‘मी आणी आई’ असं टाइप झालं होतं तर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मी म्हटलं बाबा, अहो घाईत होतं कधीकधी. तर म्हणे, अगं, घाई आहे तर लिहू नये.

मागच्या पोस्टच्या शेवटी मी ‘हहपुवा’ लिहिलं होतं. पूर्वी मराठी साइटींवर सगळे लिहायचे तसं, हसून हसून पुरेवाट. म्हटलं आता ह्याच्यावर जाळ होणार. काल प्रिंट बघितली. शब्द खोडलेला नव्हता, वर काही शेराही नव्हता. फक्त अक्षरांच्या पुढे चार लाल टिंबं बारीक हाताने भरली होती.

ह. ह. पु. वा.