पंख्याचा आवाज

मावशी आज शेजारणीला सांगत होती, "कोरोनात ही पुण्यात अडकलती बघा. लई हाल झाले लेकराचे." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चहावरची साय बोटानं बाजूला करत बसले.

अंबाजोगाईहून लातूरला येईपर्यंत डोक्यात तेवढंच. अडकलती.

कुठं अडकलते? अंदमानात, हॅवलॉक बेटावर, राधानगरच्या वाळूत, हातात शहाळं घेऊन. २०२१ चा फेब्रुवारी. ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर, हैदराबादपर्यंत रात्रीची बस, चेन्नईला विमान बदलून पोर्ट ब्लेअर. मधलं सीट माझ्या वाट्याला, म्हणून अंगात तो कागदासारखा चुरचुरणारा झगा आणि तोंडासमोर प्लास्टिकची काच. हे म्हणाले, "ऑपरेशनला निघालीस जणू." कागदांची फाईल मीच लावली होती. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स.

आणि आदल्या ऑगस्टात, काकांच्या वेळी, एक ई-पासचा अर्ज भरायचा होता. लातूरहून बीड जिल्ह्यात जायला, एवढाच. वीसच माणसांना परवानगी, त्यात आपली गर्दी कशाला, असं मी म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. अर्ज उघडूनसुद्धा बघितला नाही. असो.

मावशीचा फोन सोमवारी आला. रविवारीच मुख्यमंत्री टीव्हीवर बोलले होते, गर्दीचे कार्यक्रम बंद, 'मी जबाबदार' म्हणा. कुठंयस, तिनं विचारलं. पुण्यात, भाऊजींकडे. आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं.

"कसला आवाज येलालाय गं?"

समोर लाटा. "पंख्याचा."

"माघात पंखा?"

"यंदा लवकर उकडायलंय इथं."

"रात्रीची संचारबंदी लागली म्हणे तिथं. अडकलीस की मग."

"हो ना," मी म्हणाले.

पंख्याचं मी कधीच पचवलं. हे 'हो ना' मात्र आजही घशात आहे. तिनं मला कीव देऊ केली आणि मी ती हात पुढं करून घेतली. नवरा जाऊन सहा महिने झालेल्या बाईकडून.

हॉटेलातला पोरगा कौतुकानं सांगत होता, चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, आता इथंही रेंज मिळते, आधी फोन लागायची मारामार. वर्षभर आधी गेले असते तर फोन लागला नसता आणि खोटंही बोलावं लागलं नसतं. केबल सुरू झाली २०२० च्या ऑगस्टात. ऑगस्टच.

पण मी काय असं मोठं पाप केलं? अकरा महिने घरात कोंडलेली. पोरांची ऑनलाइन शाळा, सासूबाईंची वाफ, भाजीची एकेक काडी धुऊन पुसून ठेवायची. नियम मोडून गेलो नव्हतो, सगळे कागद होते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा हंडा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई मी. कंबरभर पाण्यात पाच दिवस उभं राहावंसं वाटलं तर कुणाचं काय गेलं? तिथं साडेपाचलाच सूर्य बुडायचा, लातुरात तेव्हा अजून तासभर ऊन असतं. पाणी काळं होईपर्यंत मी बाहेर यायची नाही.

मग फोटो 'लाईट बिल' नावाच्या फोल्डरमध्ये का ठेवलेत? सगळी वर्षं तिथंच आहेत. एप्रिलनंतर तर ते उघडायचीही सोय राहिली नाही. त्या एप्रिलचं लिहायलाच नको.

आज सांगून टाकावं, असं निघताना एकदा वाटलं होतं. मावशी चुलीपुढं बसलेली, धपाटे फडक्यात बांधत होती. मी म्हणाले, "मावशी, तेव्हा पुण्यात..." तर तिला भलतंच आठवलं. उठली, आणखी आठ धपाटे मोजले, शेंगाच्या चटणीची वेगळी पुडी बांधली. "हे तुझ्या पुण्याच्या जावेला. तेव्हा तुला सांभाळलं तिनं. माझ्याकडून सांग म्हणावं."

जाऊबाईंनी मला सांभाळलं होतं हे त्यांना अजून ठाऊक नाही. आता कुरिअरनं धपाटे पाठवू तर कारण काय सांगू?

हे आत्ता स्वयंपाकघरातून विचारतायत, ही दुसरी पुडी कुणाची. 'पुण्याची' म्हणाले. मोजून आले बहुतेक, सहाच उरलेत म्हणतायत, आणि तोंड भरलेलं आहे.