तुम्ही विचारलंत म्हणून: वस्तऱ्याला धार का येत नाही?

भेटेल तो हेच विचारतो, भाऊ चांगला महागाचा बारीक दगड घेतला, व्हिडिओ बघून तासभर घासला, तरी वस्तरा गालावर ओढतोच, असं का? लिहूनच टाकतो एकदा, कारण मी पण सहा महिने तेच केलंय.

भुसावळला एका भंगारवाल्याकडून जुना वस्तरा घेतला, गंज काढला आणि थेट 8000 नंबरच्या दगडावर चढवला (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). आरशासारखा चमकायला लागला, पण दाढी करताना डोळ्यातून पाणी. मग मी काय केलं, अजून जोर लावला. तिथेच माती खाल्ली.

अमळनेरला आमच्या गल्लीत एक नाना आहेत, आयुष्यभर दाढ्या केल्या, आता दुकान मुलगा बघतो. त्यांनी माझा हात दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "भो, हाऊ वस्तरा शे, कुऱ्हाड नही." मग वस्तरा घेतला, धार उजेडाकडे करून माझ्या डोळ्यासमोर धरला. टाचेकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला, केसाएवढी एक पांढरी रेघ चमकत होती. जिथे चमकतं तिथे धार नाही, खरी धार दिसतच नाही. बस, एवढंच.

घरी येऊन धारेवर मार्कर फिरवला, 1000 च्या दगडावर दोन हात मारले, तर टाचेकडची शाई जशीच्या तशी. म्हणजे तिथे दगड लागतच नव्हता! पेन्सिलीने दगडावर रेघा मारल्या आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगड त्यावर घासला, तर मधल्या रेघा जाईनात, दगडालाच मधे खड्डा. आधी दगड सपाट केला मग वस्तरा.

तर उत्तर हे की सगळी धार 1000 वरच बनते. पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड बाजू, आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवायची, कोन वस्तऱ्यातच बनवलेला असतो, आपण उचलून शहाणपणा करायचा नाही, आणि वजन वस्तऱ्याचंच पुरे. टाचेपासून टोकापर्यंत सगळ्या धारेने मनगटावरचे केस निघाले की मगच पुढे, 3000 आणि 8000 फक्त आधीचे ओरखडे पुसतात. (मे महिन्यात दुपारी बसू नका, आपल्याकडे दगडावरचं पाणी बघता बघता उडतं.) शेवटी चामड्याचा पट्टा, पन्नासेक फेऱ्या. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, आणि वळवताना पाठीवरच वळवायचा, माझा पहिला पट्टा मी उलटं करून कापलाय.

ब्लेडपेक्षा स्वस्त पडतं का? अजिबात नाही, नुसते दगडच घेऊन बघा. नाना स्वतः मुलाच्या दुकानात नवं अर्धं ब्लेड लावून दाढी करून घेतात, मी विचारलं तर म्हणे आता कोण घासत बसेल.