शून्याचा एक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातलं बिऱ्हाड मांजलपूरला हलवलं. सामान एका टेम्पोत आलं; पत्ता अजून येतोच आहे.

पिनकोडात म्हणाल तर फरक केवढा? तिथला ३९०००१, इथला ३९००११. पाचव्या जागच्या शून्याचा एक करायचा, बस्स. पण चाळीस वर्षं वळण पडलेला हात ऐकत नाही. दोन फॉर्म त्यातच फुकट गेले.

बँकेत म्हणाले, नव्या पत्त्याचा पुरावा आणा. लाईटबिल नेलं, तर ते अजून आधीच्या मालकाच्या नावावर. मग आधारवर बदलून आणा, म्हणाले. आधारच्या खिडकीवर विचारलं, "बँकेचं पासबुक आहे का?" या दोन खिडक्यांमध्ये माझी एक चप्पल झिजली. मतदारयादीचं काम तेवढं सुतासारखं सरळ झालं, फॉर्म ८ भरला आणि सुटलो.

हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, आणि तो बसवला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. नोकरी टपाल खात्यात, जीव संस्कृतात. नाटकंसुद्धा संस्कृतात लिहिली. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, आपला ३ गुजरातचा आणि राजस्थानचाही. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणाऱ्या कचेरीचे. म्हणजे माझ्या शून्याचा एक झाला त्याचा खरा अर्थ, माझा टपाली बदलला.

टपाल आणि टपाली हे शब्द गुजरातीत आणि मराठीत एकच, त्यामुळे वाड्यात त्याला कधी परकेपणा वाटला नाही. जिन्याखालूनच हाक यायची, "काकी, पूनाथी आव्युं छे!" आई वरून दोरीला पिशवी बांधून सोडायची. पुण्याची आत्या पाकिटावर आडनाव, "गणपतीच्या देवळासमोर" आणि "बडोदे" एवढंच लिही. सरकारनं १९७४ साली वडोदरा केलं, ते आत्यापर्यंत पोचलंच नाही. पिनकोडही नाही. पत्र मात्र बिनचूक पोचायचं.

आता टपाल खात्यानं डिजिपिन काढलाय. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत. छान आहे. वाड्यात त्या चौकोनात आमचं माजघर आणि शेजाऱ्यांची अर्धी मोरी बसली असती. इथे चौथ्या मजल्यावर मी आणि माझ्या बरोबर खाली राहणारे तिघं, सगळ्यांचा संकेत एकच. मजला त्याला कळत नाही. वॉचमनला कळतो, पण तो माझं नाव विचारत नाही, "चारसो दो" म्हणतो.

असो. विमा, पेन्शन, गॅस, सगळीकडे एक लावून झाला. राहिला दिवाळी अंक. वर्गणी भरताना हात पुन्हा वळणावर गेला असणार, कारण परवा वाड्यातल्या अण्णांचा फोन आला.

"तुझा अंक आलाय इकडे."

"येतो न्यायला, अण्णा."

"घाई करू नकोस, माझा निम्माच वाचून झालाय. तुझी रास कन्या ना रे? वार्षिक भविष्यात लिहिलंय, यंदा स्थानबदलाचा योग आहे. जपून राहा."