खिळा तिथेच का राहतो?

झाडाच्या बुंध्यात छातीच्या उंचीवर खिळा ठोकला आणि वीस वर्षांनी तो शोधायला गेलं, तर बहुतेक जण मान वर करतात. खिळा छातीच्याच उंचीवर असतो, फार तर सालीत बुडून दिसेनासा झालेला.

झाड अंगभर वाढतच नाही. उंची वाढते ती शेंड्याच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा विभाजी ऊतीत, म्हणजे सतत नव्या पेशी घडवणाऱ्या भागात, आणि जाडी वाढते सालीखालच्या एधा नावाच्या पातळ थरातून. आत जे लाकूड दिसतं, त्यातल्या बहुतेक पेशी केव्हाच मेलेल्या असतात. प्राण्याचं पिल्लू मात्र हात, पाय, आतडी असं सगळं एकदमच वाढवतं आणि मग सहसा थांबतं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. किशोरवय सरता सरता तिचं हाड झालं की उंची संपली. पुढे कुठलीही पावडर प्या. नखं तेवढी झाडाच्या वळणावर गेलेली, एकाच जागेतून महिन्याला साधारण ३ मि.मी. वाढणारी. गवताचं पातंही बुडातून वाढतं, म्हणून तर कापणी ते आनंदाने सोसतं.

हे कळलं की कलमं का फसतात तेही कळतं. जास्वंदीची काडी पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सें.मी. लांब घ्यावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली आडवा, वरचा तिरका. हा तिरकेपणा खरं तर आपल्यासाठी, वर-खाली विसरू नये म्हणून. ऑक्सिन हे झाडाचं वाढीचं संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि मुळं बुडालाच फुटतात. काडी उलटी खोचली तर ती सहसा वाळते. वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढावीत. आठवडाभरात कोंब दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, तो काडीतल्या साठ्यावर फुटलेला असतो. मुळांना तीन ते पाच आठवडे लागतात. तोवर काडी उपटून पाहणं हा सर्वांत मोठा गुन्हा, आणि माती चिखल करून ठेवणं हा दुसरा: बुडाला हवा मिळत नाही, ते कुजतं.

खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर, कलमकाडी बांधताना तर सगळा खेळ एधेचा. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मध्ये बसवणं व्यर्थ. ती एका कडेला सरकवायची आणि सालीची बाहेरची नव्हे, आतली कड जुळवायची. नारळ एकदल, त्याच्या खोडात एधेचं कडंच नाही, म्हणून त्यावर असं कलम धरत नाही. शेंडाही एकच, तो सडला की माड गेला.

पुनरुत्पादनातही झाड आणि प्राणी यांच्यात हाच फरक आहे. मुलीच्या अंडाशयातल्या अंडपेशी तिच्या जन्माआधीच तयार होऊ लागलेल्या असतात. झाडाकडे असा राखीव कप्पा नसतो. वर्षानुवर्षं पानं काढणाऱ्या टोकाचंच एक दिवस फूल होतं. त्यामुळे एखाद्या फांदीच्या टोकात झालेला बदल बीमध्येही उतरू शकतो. आपल्या कातडीतला बदल मुलांत उतरत नाही. आणि ज्या टोकाचं फूल झालं, त्याची वाढ तिथेच संपते. म्हणूनच गुलाबाचं फूल वाळलं की पाच पर्णिकांच्या (एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या) पहिल्या जोमदार पानापर्यंत खाली यावं आणि त्याच्या बगलेतल्या डोळ्याच्या अर्धा सें.मी. वर छाटावं. पुढचा फुटवा त्या डोळ्यातूनच येतो.