पुसून पुन्हा रत्नागिरी

बाबांच्या ट्रकचा घरात एकच फोटो आहे. कृष्णधवल. त्यातही आई नेमकी जाळीसमोर उभी, डोक्यावर पदर घेऊन. त्यामुळे ट्रकचा रंग कळत नाही आणि जाळीवर कसलं चिन्ह होतं तेही दिसत नाही. आम्हा भावांचं गेलं वर्षभर भांडण चाललंय ते या दोनच गोष्टींवरून.

तो ट्रक बाबांनी केव्हाच विकला. आता कणकवलीच्या गॅरेजात, बाबांच्या ट्रकसारखा करायला घेतलेला, उभा आहे तो त्याचा भाऊबंद. तसाच लांब नाकाचा टाटा, देवगडकडच्या एका चिरेखाणीत पाटे मोडून पडलेला. खाऱ्या वाऱ्यानं केबिनच्या तळाची अशी चाळण केली होती की क्लचखाली जमीन दिसायची. पत्रा नवा घातला, हौद्याला किंजळीच्या फळ्या बसवल्या. पैसे गेले, पण डोकं लागलं नाही. डोकं लागलं ते पुढे.

मला ट्रक निळा आठवतो, धाकट्याला हिरवा. शेवटी बाबांचे जुने क्लीनर अण्णा यांना विचारलं. "दोघांचाव बरोबर. आधी निळो होतो, मगे हिरवो केलो." म्हणजे ज्याच्या त्याच्या लहानपणाचा रंग. मी थोरला आणि खर्चही माझा, म्हणून निळा जिंकला. धाकटा अजून नीट बोलत नाही.

ताऱ्याचं प्रकरण जास्त वाईट. जाळीवरचा मर्सिडीजचा तीन पात्यांचा तारा मी चिंचेनं घासून लख्ख करायचो, अगदी हाताला आठवतंय. धाकट्यानं हिशेब मांडला: टेल्को म्हणजे टाटांची ट्रक कंपनी, तिचा आणि मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझचा करार 1954 चा, तो 1969 मध्ये संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. बाबांचा ट्रक 1974 चा. मग तू घासायचास काय? अण्णांनी मला वाचवलं. म्हणाले, तारा भंगारातून आणून बाबांनीच ठोकला होता, वाकडा. (अण्णा कधी कुणाला नाही म्हणत नाहीत, हेही सांगायला हवं.) मी तारा मिळवला आणि मुद्दाम किंचित वाकडा बसवला.

फाळक्यावर पेंटरनं सवयीनं 'जि. सिंधुदुर्ग' लिहिलं. झोकदार अक्षर, पण पुसायला लावलं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली. बाबा आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला जायला लागले तेव्हा आम्ही रत्नागिरीतच होतो. "आता हा कोण वाचणार?" पेंटर पुटपुटला. पुन्हा रत्नागिरी लिहिताना 'त्ना' जरा रागानंच काढलाय.

परवा आईला दाखवायला नेलं. तिनं रंगाकडे पाहिलं नाही, ताऱ्याकडे तर नाहीच. पायरीवर पाय देऊन, मिस्त्रीचा हात धरून वर चढली, बाबांच्या शेजारच्या तिच्या जागी बसली आणि दरवाजा ओढला. खट् करून लागला. तिनं पुन्हा उघडला, पुन्हा लावला.

"हो दरवाजो असो गुपचूप लागत नाय होतो रे. दोनदा आपटूक लागायचो."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. बिजागरी बसवायला त्याला दोन दिवस लागले होते.

"बिघडवू काय?" त्यानं विचारलं.